दुसरी कडी

प्रिय दिनू,

तुला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. कट्ट्याहून मालवणला कोण पत्र पाठवतं? फोनवर दोन शिव्या घातल्या की आपलं काम भागायचं. आज अडीच वाजता दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलेय. रिक्षावाला म्हणाला, यायला वीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ गप्प बसले तर वेड लागेल मला.

चार वाजता तुझा दोस्त संतोष किनाऱ्यावर रुतलेला मासळीचा ट्रक ओढणार आहे. आणि त्याच्या विंचच्या दोराला तुझी दुसरी कडी आहे.

हो, तीच! तू तिला शॅकल म्हणायचास, मी आपली कडीच म्हणते. घोड्याच्या नालेसारखं वळवलेलं लोखंड आणि तोंडाला आडवी पिन. तेराव्याला तुझं सामान वाटताना मीच ती संतोषच्या हातात ठेवली. आठवण म्हणून घरात खिळ्याला टांगेल असं मला वाटलं होतं. त्या मेल्याने ती कामाला लावली.

सकाळी पिंगुळीहून मालवणला जाताना तो हातमोजे घ्यायला दुकानात थांबला. मी सहज बाहेर आले. जीपच्या तोंडाला दोर गुंडाळून ओढणारी नवी विंच, तिच्यावर नवाकोरा नारिंगी दोर, अगदी तुझ्या दोरासारखाच. आणि दोराच्या टोकाला ती. खंडेनवमीला तिला लाल रंग फासलाय त्याने. पिनेच्या आट्यांत हळदकुंकू अजून चिकटलेलं होतं. रंगाखाली लोखंडाचं काय झालंय कुणास ठाऊक.

"संतोष, ती काढ. ह्या दोराक ती चलूची नाय."

"गो बाय, कडीक काय जाता? दिनूक राखणदारान नेल्यान. मी नारळ घेतलंय, हो बघ!" सीटशेजारचा नारळ उचलून त्याने मला दाखवला. हसत होता रे तो!

मी आत धावले, किती टन ओढ सोसेल ते कोरलेली नवी कडी आणून त्याच्यासमोर धरली. म्हटलं, ही लाव. "ती ऱ्हवांदे तुझ्याकडे. ही दिनूची आसा, काढूची नाय," म्हणाला आणि गेला. तेव्हापासून तीनदा फोन केला. उचलत नाही.

राखणदार! तू गेल्यापासून गावभर हेच चाललंय. जागेच्या राखणदाराला नारळ न ठेवता तू रुतलेल्या गाडीला दोर लावलास, त्याचा कोप झाला, दोर सुटून तुला लागला. आणि नारळ जीपमध्ये ठेवायचं काम कुणाचं? तुझ्या बायकोचं. सुमन त्या सकाळी विसरली. आई तिला जेवता जेवता बोलून दाखवते. सुमन सोमवारी बाजाराला आली की माझ्या दुकानात स्टुलावर बसते आणि दर वेळी एकच विचारते, "वन्सं, नारळ गाडयेत असतो तर ते आज असते?"

आणि मी काय करते? चहा टाकते.

दिनू, दोर सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्या जागेवर गेले होते. सगळे जीप बघत होते, मी वाळू बघत होते. जीपपासून कितीतरी लांब मला तुझी पहिली कडी सापडली. पिन गायब, तोंड फाकलेलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पदरात गुंडाळून आणली आणि दुकानात रंगाच्या डब्यांमागे टाकली. वर्ष होत आलं, ती तिथेच आहे. लाल रंगाचा डबा कुणी मागितला की संपला म्हणून सांगते.

कारण ती मी दिलेली होती ना!

आठवतं? जुनी तार काढून तू नवा दोर घातला होतास. विंचबरोबर आलेलं पुस्तक तू देवाच्या पोथीसारखं वाचायचास. तारेनं जुने रोलर खरवडलेत, नवा दोर त्यांच्यावर घासून कापला जाईल, म्हणून तेही बदललेस. आणि मग माझ्याकडे आलास. "बाय, वजन लिवलेली कडी आसा काय गो?" नव्हती. कुडाळहून मागवावी लागली असती, चार दिवस गेले असते. मला तुझी ती थेरं वाटली. मी होड्यांच्या सामानाच्या खोक्यातून दोन काढल्या. अंगठा फिरवून तू आकडा शोधलास. तो नव्हताच. तेव्हा मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुझी टिंगल केली, "होडयेचो नांगर धरता ती, तुझ्या जीपीक धरूची नाय?"

का ऐकलंस रे माझं? सबंध जगाशी हुज्जत घालणारा तू! तेव्हाच माझ्याशी भांडला असतास, दोन्ही कड्या माझ्या अंगावर फेकल्या असत्यास, तर काय बिघडलं असतं? "बाय सांगता म्हणजे धरतली," म्हणालास आणि खिशात टाकल्यास.

तू गेल्यावर मी शिकले. गाडी ओल्या वाळूत चाकं बुडेपर्यंत रुतली की ओढायला तिच्या वजनाहून कितीतरी जड होते. दोर ताणला जातो आणि जे सगळ्यात कच्चं असेल ते आधी जातं. लोखंड गेलं तर ते ताणलेल्या दोराबरोबर गोळीसारखं मागे येतं. तुला हे ठाऊक होतं. म्हणूनच तू दोरावर ओलं पोतं टाकायचास, पर्यटकांना दटावून लांब उभं करायचास. त्या दिवशीही केलंस म्हणे. मग स्वतः का गेलास जवळ? सगळे सांगतात, तू वाकून काहीतरी बघत होतास. तुला शंका आली होती का रे? माझ्या कडीचीच ना?

हा प्रश्न मी कुणाला विचारू?

आणि आजचा तर ट्रक आहे, बर्फ आणि मासळीने भरलेला. भरती यायच्या आत काढा म्हणून मालक सकाळपासून ओरडतोय म्हणे. घाईत संतोषही वाकणार बघायला. त्याच्या मनात तर शंकासुद्धा नाही. त्याला वाटतंय, तू त्याच्या पाठीशी आहेस!

सकाळी एक वाक्य बोलले असते तर त्याने तिथल्या तिथे कडी काढली असती. ते वाक्य जिभेवर होतं, दिनू. लाज वाटली. घाबरले. लोक काय म्हणतील, आई काय म्हणेल, दुकानात कोण येईल, एवढं सगळं त्या क्षणात मनात येऊन गेलं.

रिक्षाचा आवाज येतोय. पिशवीत तुझी तुटलेली कडी घेतलीय आणि ती नवी, आकडा कोरलेली. संतोषने विंच चालू केलेली असली तर आधी ती बंद करायला लावीन, दोर ढिला करायला लावीन. मग तिथे जमलेल्या सगळ्यांसमोर पिशवी उघडीन आणि सांगेन, दिनूला राखणदाराने नेलं नाही, ह्या कडीने नेलं, आणि ती मी त्याला हसून हसून दिली होती. तुला वचन देते. संध्याकाळी सुमनकडे जाईन. तिने दार लावून घेतलं तर दारातून ओरडून सांगेन, पण आज तिला सांगितल्याशिवाय घरी परतणार नाही.

तुझी,
बाय