दुधाच्या पिशवीचा कोपरा

प्रिय तनू,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. 'आई, बंगळूरला ये, एकटी काय करतेस तिथे,' हे तुझं पालुपद रोजचंच. बाबा गेल्यावर घर खायला उठायचं, हे खरं. पण आता मला वेळच नसतो. शिवाय तू आणि जावई इंद्रजीतराव दिवसभर कामावर, मी तिथे भिंती बघत बसू, असंच मी आजवर तुला म्हणत आले.

दोष तुझाच आहे. मी घराबाहेर पडावं म्हणून रस्त्यावरच्या कचऱ्याचे फोटो काढायचं खूळ तूच डोक्यात भरवलंस. पहिल्या दिवशी टपरीपाशी कागदी कप पडले होते. मी ते आधी उचलून डब्यात टाकले आणि मग फोटो काढून तुला पाठवला. यात बघायचं काय, असं तू विचारलंस. अगं, जन्मभर केर काढणाऱ्या बाईला कचरा आहे तसा ठेवणं सोपं असतं होय? अजूनही हात शिवशिवतात, पण फोटो होईपर्यंत आवरते.

आधी मी उभ्यानेच काढायची. बाटली यायची, गटार यायचं, कुणाची तरी स्कूटर यायची, सगळ्यांचं संमेलन. आता गुडघ्यांना न विचारता खाली बसते आणि एकच वस्तू धरते. काल दुधाच्या पिशवीचा कापलेला निळा कोपरा दिसला. तो चौकटीत अगदी खाली घेतला, वर नुसता मोकळा डांबरी रस्ता, आणि तिरपं ऊन त्याच्यावर येईपर्यंत थांबले. एवढासा कपटा, पण नजर हलत नाही. गटाराचं झाकण मात्र बरोब्बर मधोमध घेतलंय. तू बाजूला घे म्हणशील, पण ते तसंच चांगलं दिसतं. हुज्जत घालू नकोस.

आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी उत्तरेश्वरभाऊ यांना वाटतं, मी तक्रारीसाठी पुरावे गोळा करते. मला फोन घेऊन खाली येताना पाहिलं की ते आधी जिन्याखाली झाडून घ्यायला लावतात. सारं कर्वेनगर सोडून माझ्याच फोटोंच्या कचऱ्यावर डोळा!

आता मुद्द्याचं. परवा तू माझ्यासाठी लावलेल्या खोलीचा फोटो पाठवलास. नवी चादर, खिडकीतला उजेड, सगळं सुरेख. पण कपाटाच्या आरशात तुमचं बाहेरचं दार आलंय. तिथे इंद्रजीतरावांचं हेल्मेट नाही, खाली त्यांचा एकही बूट नाही. मग मी तुझे दिवाळीपासूनचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. ते कुठेच नाहीत. टेबलावर दर वेळी एकच ताट. कधीपासून एकटी जेवतेस गं? आईपासून लपवलंस याचा राग आला, आणि मग खूप रडले. आता ऐक. गुरुवारी मी स्वारगेटहून बसने निघतेय. ती खोली मला नको, मी तुला न्यायला येतेय. रजा टाकून ठेव. काय झालं ते सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, मी विचारणार नाही. आधी घरी चल, पोटभर जेव, झोप काढ. परत जायचं की नाही, ते नंतर तुझं तू ठरव.

तुझीच,
आई