गळलेल्या ‘नाही’बद्दल

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, निवृत्त संगणक प्रोग्रामर, हे कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाखाली नव्हे, तर राजीखुशीने लिहून ठेवते. शुद्ध शाबूत आहे. धक्का मात्र अजून ओसरलेला नाही, म्हणून अक्षर वाकडे आले आहे.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक थोरल्या बहिणीला, तिच्या पश्चात भाचीला. ताई हयात आहे, हे लिहिताना अजून खरे वाटत नाही.

२. त्याचे कारण नोंदवते. छत्तीस वर्षांपूर्वी मी टर्मिनलसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. आज्ञा टाइप केली की काळ्या पडद्यावर तो मजकूर नीट मांडून दाखवी : मथळा ठळक, महत्त्वाचे अधोरेखित, रकाने सरळ. ओळ ऐंशी अक्षरांपुढे गेली, तर उरलेले गुपचूप कापून टाकी. कार्यालयाने तो रुग्णालयांनाही दिला होता; केव्हाच मोडीत निघाला असेल असे मी धरून चालले होते.

गेल्या महिन्यात ताई रुग्णालयात होती. इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत तिचा घसा सुजला, ओठ निळे पडले. डॉक्टरांनी तिला परत आणले. परिचारिका एकच सांगत राहिली की पडद्यावर तसेच लिहिले आहे. मी जाऊन पाहिले. ती मांडणी माझी होती. शेवटची ओळ ‘पेनिसिलिन द्यायचे’ इथे थांबली होती. पुढचे ‘नाही’ माझ्या प्रोग्रामने गिळले होते.

३. प्रोग्राम व त्याच्या वह्या माझे जुने सहकारी ‘मास्तर’ यांना. ओळी कापल्या जातात हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. “ज्याला लांब लिहायचंय त्यानं कादंबरी लिहावी,” असे मी सर्वांदेखत म्हणाले. सगळे हसले. मास्तरांनी दुसरा विभाग मागून घेतला आणि बोलणे टाकले. आता त्यांच्या दारात गेले, तेव्हा वाटले होते की उभे-आडवे घेतील. ते म्हणाले, “मीही तेव्हा गप्प बसायला नको होतं.” त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. उरलेला मजकूर खालच्या ओळीवर नेण्यासाठी आम्हाला कोडच्या बाराच ओळी लागल्या. रुग्णालयाने त्या बसवून घेतल्या आहेत.

४. परिचारिकेला निलंबित केले आहे. चौकशीत मी सर्व सांगितले. अध्यक्ष म्हणाले, “बाई, यंत्राला कसं दोषी धरायचं?” मी म्हणाले, “यंत्राला नको. मी उभी आहे ना.” निकाल आलेला नाही. माझ्यामागे आल्यास हे कलम तिथे वाचावे : पडद्यावर होते तेवढे तिने नीट वाचले. दोष माझा.

५. या प्रोग्रामबद्दल कार्यालयाने दिलेले पितळी मानचिन्ह भंगारात द्यावे. भाचीने मागितले तरी तिला देऊ नये.

स्थळ : माझे स्वयंपाकघर. तारीख : नऊ नोव्हेंबर, सकाळी. सही केली, ती पुढील दोघांनी समोर बसून पाहिली.

साक्षीदार १ : ताईला वाचवणारे डॉक्टर.

साक्षीदार २ : परिचारिका. तिला या कागदाने काहीही मिळत नाही, म्हणून ती साक्षीदार होऊ शकते. सही करण्याआधी तिने विचारले, “मागच्या पानावर काही आहे का?” नाही. इथेच संपते.