दादाचा हत्ती

गिरीज, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय एस्थरबाय,

जय ख्रिस्त. इकडे सर्व बरे. तुझ्या मठातली खुशाली कळव.

फोन न करता लिहितोय, कारण गॅब्रिएलदादा पलीकडच्या ओटीवर कान टवकारून बसलेला असतो. वाडी आता वाटून घ्यायचीच. नारळ उतरवतो तो, विकतो तो, आणि मला सांगतो की यंदा कमीच आले. मधल्या भिंतीसाठी मी विटासुद्धा आणून टाकल्यात. पण पप्पांची अट आडवी येते. त्यांच्या पुण्यतिथीच्या, चर्चमधल्या मिस्सानंतर आम्ही दोघांनी बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा आणि वाडीबाबत जिंकेल त्याचं ऐकायचं.

दरवर्षी शेवटी त्याच्याकडे राजा आणि हत्ती उरतात, माझा राजा एकटा. हत्ती नुसता शह देत फिरतो, मी पळतो, मग दादा कंटाळून बरोबरी म्हणतो. शाळेत मास्तरकी केली, तरी त्याला मात करता येत नाही, हे माझं नशीब. यंदा तशी संधी मला मिळाली तर सोडणार नाही. जवळच्या गास गावात पिंकी म्हणून एक जण मुलांना बुद्धिबळ शिकवते, तिच्याकडे दुपारी जातो. कुठे जातोस म्हणून दादाने विचारलंच. दात दुखतो असं सांगितलं.

लोभ आहेच, यातलं दादाला कळू देऊ नकोस, एवढा आणखी कर.

तुझा
क्लेमेंट

तलासरी, ११ नोव्हेंबर

प्रिय क्लेमेंट,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं.

दादाचाही फोन आला होता. म्हणाला, क्लेमेंटचा दात दुखतो आणि ओटीवर बसून चणे खातो, काहीतरी शिजतंय. एखाद्या दलालाकडे तर जात नाही ना? प्रार्थनेची घंटा झाली असं सांगून मी फोन ठेवला. घंटा झाली नव्हती. ते पाप तुझ्या माथी.

तुम्ही एकमेकांकडे संशयाने बघता आणि मी तुम्हा दोघांकडे. लहानपणी पत्त्यांत हरलास की तू जेवायचा नाहीस आणि दादा ताट घेऊन वाडीभर तुझ्यामागे फिरायचा, आठवतं? म्हणून मला त्या डावाची भीती वाटते. कोणीही जिंकलं तरी तुमचं बोलणं तुटेल.

चणे जपून खा आणि बहिणीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी
बाय

गिरीज, २५ नोव्हेंबर

प्रिय बाय,

जय ख्रिस्त.

मात शिकलो. हत्तीने एकेक ओळ बंद करत समोरच्या राजाला कडेला न्यायचं. पण नुसत्या हत्तीने भागत नाही, आपल्या राजालाही चालत जाऊन त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. मग कडेच्या ओळीत हत्तीचा शह, की संपलं. जमल्याच्या आनंदात मी पिंकीला विचारलं, तू कुठे शिकलीस. म्हणाली, शाळेत, गॅब्रिएल सरांकडे. सर ही मात बोलता बोलता करून दाखवायचे.

बाय, आपलाच दादा! म्हणजे दरवर्षी मी त्याच्या मुठीत होतो आणि दरवर्षी त्याने मला सोडलं. जिंकला असता तर वाडी एकत्र राहिली असती, पण मी त्याच्याशी बोललो नसतो. आणि मी त्याच्या नारळांवर डोळा ठेवून होतो! फार लाज वाटली.

काल डाव झाला. यंदा हत्ती माझ्याकडे उरला. दादाचा राजा कडेला, माझा समोर, एका चालीचं काम. मी हत्ती भलतीकडेच नेला आणि म्हटलं, मला काही हे जमत नाही, बरोबरी. दादा पटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, अगदी संशयाने. राजा असा समोर आणायला तुला कोणी शिकवलं, म्हणाला.

मी सांगितलं, तूच.

त्याने सोंगट्या डब्यात भरल्या. उठताना म्हणाला की विटा विहिरीच्या कठड्याला लागतील, आणि माझं ताट स्वतः वाढून आणलं.

आम्हा दोघांवर सारखाच लोभ ठेव.

तुझा
क्लेमेंट