'उत्तर नाही'चा रकाना

प्रिय ताई,

पाकीट बघून आधी उलटंपालटं करशील, कारण मी काही पत्र लिहिणारी नव्हे. शाळेत माझे निबंधसुद्धा तूच लिहून द्यायचीस. अक्षर लागलं नाही तर चिडू नकोस आणि शक्यतो एकटीच वाच. आई माझ्याकडे बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते, दोघांचं जमलंय.

मागच्या आठवड्यात मंगळवारी मी ऑफिसातून घरी फोन केला. गॅस बंद केला का, एवढंच विचारायचं होतं. सव्वादोन वाजले होते आणि आईने पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी नुसतं आई, आई करत राहिले. शेवटी तिनेच विचारलं, कुणी गेलंय का म्हणून. ताई, दोन ते तीन आई फोन उचलत नाही, हे आपल्या घरात शेंबडं पोरही सांगेल. तू रेडिओवर बोलत असताना कुणी मध्ये फोन केला की संध्याकाळी त्याची बिनपाण्याने व्हायची. मला नोकरी लागली त्या दिवशी मी पाऊण तास रिंग देत बसले होते, आणि तिला ते कळलं तीननंतर. आता काय, रिकामीच बसलेली असते, म्हणाली. मी फोन ठेवला आणि गॅसचं विचारायचं राहूनच गेलं. का, ते सांगते.

कार्यक्रम बंद झाल्याच्या दिवशी तू इकडे आलीस तेव्हा रडशील असं वाटलं होतं. तू चहा घेतलास आणि म्हणालीस, एकोणीस वर्षं मी भिंतीशी बोलत होते, कुणी सांगितलंसुद्धा नाही गं. स्टेशनच्या साहेबांनी तुला रिपोर्ट दाखवला होता, शंभरातली पाच माणसंही ऐकत नाहीत म्हणून. आई म्हणाली, त्या साहेबाच्या डोक्यात बटाटे भरलेत. आणि मी म्हटलं, आई, आकडे आहेत ते, त्यांना काय तुझी-माझी ओळख. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस. अतिशहाणी म्हणतेय म्हणजे खरंच असणार, अशी. तेव्हापासून तू कुणाशी बोलत नाहीस, आणि स्टेशनने पुढे केलेल्या निवृत्तीच्या कागदावर सोमवारी सही करणार आहेस, असं भावोजींकडून कळलं.

तो रिपोर्ट मी लिहिला, ताई.

आमच्या ऑफिसात ते काम आलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं की ही माझी सख्खी बहीण. नाही सांगितलं. वाटलं, सांगितलं तर काम दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि तो तुझं वाटोळं करील. मी करीन ते इतकं चोख करीन की कुणी बोट दाखवू नये. दोन ते तीनमध्ये आम्ही चारशे घरी फोन केले, आत्ता काय ऐकताय असं विचारायला. एकशे सत्तर जणांनी उचलला. त्यांतल्या आठांकडे रेडिओ लागलेला होता. उरलेली दोनशे तीस घरं मी 'उत्तर नाही'च्या रकान्यात टाकली आणि तो रकाना हिशेबातून काढला, आम्ही नेहमी काढतो तसा. दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमाचा आकडा इतका पडला असता तर मी खोदून पाहिलं असतं. तुझा होता म्हणूनच पाहिलं नाही. बहिणीसाठी पळवाट शोधतेय, असं माझं मलाच वाटू नये म्हणून. आणि आपलीच आई त्या तासाला फोनकडे बघत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारनंतर मी त्याच वेळेला त्या दोनशे तीस घरी स्वतः फोन केले. आता कार्यक्रम नव्हता. एकशे बावन्न जणांनी उचलला. त्यांतले ब्याण्णव म्हणाले, आम्ही तेव्हा रेडिओपाशी होतो. एक शिंपी म्हणाला, हात मशीनवर, कान बाईंकडे, मग फोन काय नाकाने उचलू? एका आजींनी तर मलाच झापलं, त्या कात्रीचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं म्हणून. कात्री मलाही आठवते. घरातली सगळ्यांत जुनी वस्तू कोणती, असं तू विचारलं होतंस, आणि कुणीतरी एका कात्रीवर आठ पानं लिहून पाठवली होती. पण तुला खोटा धीर द्यायचा नाहीये. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, बंद पडलेल्या कार्यक्रमाबद्दल सगळे गोडच बोलणार. ब्याण्णवातले किती खरे, मला माहीत नाही. शंभरात तीस ऐकत असतील, कदाचित पंधराच. कुणी ऐकत नाही, हे मात्र मला कधीच माहीत नव्हतं, आणि मी ते माहीत असल्यासारखं लिहून दिलं. त्याची मला लाज वाटते.

काल हे सगळं कागदावर मांडून, खाली माझं नाव आणि आपलं नातं लिहून स्टेशनच्या साहेबांना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि निर्णय झालाय म्हणाले. मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, बाईंनी सही केली नसेल तर पुन्हा मोजता येईल, पण दुसऱ्या कुणाकडून. सही झाली असेल तर विषय संपला. माझ्या नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात ठरेल, माझं मी निस्तरीन. दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरले, म्हणून पत्र भावोजींच्या हाती देतेय. त्यांना काही सांगितलेलं नाही. तू सोमवारी सही करू नकोस, एवढंच मागायला हे लिहिलं. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. तीन आठवडे मी तुला फोन करतेय आणि तू उचलत नाहीस. मी रोज करत राहीन. उचलला नाहीस म्हणजे तू ऐकत नाहीस, असं या वेळी मी धरणार नाही.

तुझीच,
अतिशहाणी