नाव धोंडू ठेवायचं होतं

॥ श्री ॥
चाकण, ८ डिसेंबर १९५६

ती. सौ. कुसुमताईस, धाकट्या उद्धवचा सा. नमस्कार. वि. वि. मी इकडे ठणठणीत आहे. तू कशी आहेस, ते दाजींकडून नको, तुझ्याच हातचं कळव.

मास्तर झाल्यापासून मला बहिणीची आठवण राहिली नाही, असं तू लिहिलंस. अगं, या दहावीच्या पोरांनी मला जेवायला तरी सवड ठेवली आहे का? पुण्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकलो ते नुसतं फळ्यावर खरडून काय उपयोग, म्हणून यंदा वर्षअखेरीला प्रत्येकानं आपल्या मनानं एक पाहणी करायची, आकडे गोळा करायचे आणि स्नेहसंमेलनात तक्ता टांगायचा, असं ठरवलं. हेडमास्तर म्हणाले की हे अभ्यासक्रमात नाही. मी म्हटलं की म्हणूनच पोरं मनापासून करतील.

आणि करताहेत गं! सोनबा नावाचा एक पोरगा नाशिक रस्त्यावर बसून लॉऱ्या आणि बैलगाड्या मोजतो. पिंपरीकडे कारखाने उभे राहायला लागल्यापासून लॉऱ्या किती वाढल्या, ते त्याला दाखवायचं आहे. एक महाभाग प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तर किती वेळा घसा खाकरतात ते मोजत होता. त्याला मी दुसरा विषय दिला, पण जिवावर आलं.

खरी कमाल केली धोंडाबाईनं. चिमाजी म्हणून इथले एक शेतकरी आहेत, त्यांची ही मुलगी. तिच्या आधीचे दोन भाऊ गेले, म्हणून काळाची नजर पडू नये यासाठी हिचं नाव धोंडा. तिनं मला विचारलं की गावात प्रत्येक आळीत धोंडू, दगडू, कोंडाजी आहेत, पण असं नाव ठेवलेली मुलं खरंच जास्त जगतात का, हे मोजता येईल का? ताई, मी खुर्चीवरून उठलोच. आता ती घरोघर जाऊन सगळ्या मुलांची नावं विचारते, असलेल्यांची आणि गेलेल्यांचीही.

दाजींस नमस्कार सांग. पोस्टमन मला ओळखू लागेल इतकी पत्रं धाड.

तुझा
उद्धव

॥ श्री ॥
बार्शी, २७ डिसेंबर १९५६

चि. उद्धव यास ताईचे पोटभर आशीर्वाद. पत्र पोचलं. मोठा शहाणा झालास हो! लहानपणी तुला पाढे पाठ करताना रडू यायचं, ते तुझ्या पोरांना कळवू का?

आठवा महिना चालू आहे. आई असती तर माहेरी आले असते, आता इथंच सगळं. सासूबाई मला जड उचलू देत नाहीत, माझ्या ताटात रोज स्वतःच्या हातानं तूप वाढतात. पूर्वी आमचं फारसं जमत नसे, तुला ठाऊकच आहे. पण माझी तान्ही वत्सला गेली तेव्हा त्या माझ्याइतक्याच रडल्या. तेव्हापासून आम्ही दोघी एक झालो.

तुझ्या त्या धोंडाबाईचं वाचून अंगावर काटा आला. कारण आमच्याकडेही नाव ठरलं आहे. मुलगा झाला तर धोंडू. बाराव्या दिवशी कोंड्यात लोळवायचा, सुपात घालायचा, शेजारच्या तानाबाईला देऊन टाकायचा आणि मूठभर कोंडा देऊन परत मागून घ्यायचा. म्हणजे तो आमचा नव्हेच, मागून आणलेला. त्याच दिवशी नाक टोचायचं. सासूबाईंनी सूपसुद्धा नवं घेऊन ठेवलंय.

तू हसशील. हस बाबा. अशोकचं नाव मी हौसेनं ठेवलं, आठ महिने राहिला. वत्सलाचंही मीच ठेवलं, तिची तर नीट ओळखही झाली नाही. आता माझी हौस चुलीत गेली. मला नाव नको, मूल हवंय.

तब्येतीला जप, उपाशीपोटी शाळेत जाऊ नकोस.

तुझी
ताई

॥ श्री ॥
चाकण, १४ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. ताईस सा. नमस्कार. वि. वि. दाजींची तार मिळाली. मुलगा! मी सगळ्या वर्गाला पेढे वाटले, हेडमास्तरांनी दोन खाल्ले.

बारशाच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकतो. धोंडाबाईची पाहणी पुरी झाली. सुरुवातीला बायका तिला दारातच उभं करत. लेकरं मोजली की दृष्ट लागते, म्हणत. मग तिनं काय केलं, तर जिथं कांद्याची निवड चालली असेल तिथं जाऊन बसायचं, हात लावायचा आणि स्वतःच्या दोन भावांची नावं आधी सांगायची. मग बायका आपापली सांगू लागल्या. कौशल्याबाई म्हणून एका म्हातारीनं म्हणे तीस वर्षांत पहिल्यांदा गेलेल्या थोरल्याचं नाव तोंडातून काढलं आणि कांदे तसेच ठेवून आत निघून गेली.

ताई, आता नीट वाच. शंभर चांगल्या नावांमागे जितकी लेकरं पाच वर्षांच्या आत गेली, तितकीच शंभर धोंडू-दगडूंमागे गेली. काडीचा फरक नाही. मी स्वतः पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं.

मग आपल्या बाळाला जन्मभर दगड म्हणून का हाक मारायची? धोंडाबाई मला म्हणाली की तिला कुणी हाक मारली की तिच्या आईला आधी ते दोघे आठवतात. तुझ्या पोरानं हे ओझं घेऊन शाळेत जायचं का? तूच लहानपणी बाहुल्यांची नावं शोधत बसायचीस. याचंही शोध. तुला माझी शपथ आहे, ताई. धोंडू ठेवू नकोस.

बाळाच्या दोन्ही गालांचे मामातर्फे पापे घे.

तुझा
उद्धव

॥ श्री ॥
बार्शी, ३ मार्च १९५७

चि. उद्धव यास आशीर्वाद, आणि आता मामा म्हणूनही आशीर्वाद.

तुझं पत्र बारशाच्या आदल्या दिवशी आलं. रात्रभर डोळा लागला नाही. यांना वाचून दाखवलं, हे म्हणाले तुला पटेल ते कर. सकाळी मी सासूबाईंना सांगितलं की कोंडाही नको, सूपही नको, नाकही टोचायचं नाही. त्या पाळण्यापाशी आल्या नाहीत. तानाबाई उगीच घुटमळून परत गेली.

नाव सुहास ठेवलं. कानात सांगितलं तेव्हा त्यानं अशी जांभई दिली म्हणून सांगू, अगदी तुझ्यावर गेलाय. रंग तुझ्या दाजींचा, आळस मामाचा.

सासूबाईंचा अबोला जाईल हळूहळू. तो हसायला लागला की त्यांच्यानं राहवेल का? खरं सांगू, इतक्या दिवसांनी माझ्या मनातली भीती गेली. तुझ्यामुळे गेली. सुट्टी लागली की ये, भाच्याला खेळव.

तुझीच
ताई

॥ श्री ॥
चाकण, २१ एप्रिल १९५७

ती. सौ. ताईस व चि. सुहासच्या मातोश्रींस सा. नमस्कार. वि. वि.

संमेलन झालं. सोनबाच्या लॉऱ्यांना टाळ्या पडल्या, पण गर्दी होती ती धोंडाबाईच्या तक्त्यापुढे. खेड्यातल्या बायका डोक्यावरचा पदर सावरत येत, वाचता येत नसल्यामुळे तिलाच विचारत. तिची आई मागे उभी होती. मी भाषणात सांगितलं की माझ्या बहिणीनं हे आकडे मानले आणि आपल्या मुलाचं नाव सुहास ठेवलं. टाळ्या तुलाही पडल्या, बरं का!

सुट्टीत पेपर तपासायचं काम गळ्यात पडलंय, त्यामुळे येणं दिवाळीवर गेलं. रागावू नकोस. सुहासला मामाची ओळख विसरू देऊ नकोस म्हणजे झालं, ओळख अजून व्हायचीच असली तरी.

तुझा
उद्धव

बार्शी, १९ जून १९५७

उद्धवराव,

घरात सुतक आहे, म्हणून वर श्री नाही, नमस्कार-आशीर्वादही लिहीत नाही. सुहासला डांग्या खोकला झाला होता. आळीतल्या बऱ्याच मुलांना झाला. डॉक्टर येत होते, औषध चालू होतं. रविवारी पहाटे खोकताना श्वास लागला, तो परत आला नाही.

कुसुम बोलत नाही. आई तिच्याजवळ जात नाही. मी दोघींच्या मधे बसतो. तुमच्या शाळा सुरू झाल्या असतील, धावपळ करून येऊ नये. पत्र वाचून झाल्यावर रिवाजाप्रमाणे फाडून टाकावे.

अर्जुन

॥ श्री ॥
बार्शी, २५ ऑगस्ट १९५७

चि. उद्धव यास आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला हात धजत नव्हता. आज देवळात सगळ्या बायका गेल्यात, घर रिकामं आहे, म्हणून बसले.

तू तिन्ही पत्रांत तेच लिहिलंस, की नावाचा काही संबंध नाही, आळीतला दगडू पण त्याच खोकल्यानं गेला असेल, तू स्वतःला दोष देऊ नकोस. बाळा, दगडू खरंच गेला. तानाबाईचा नातू तो. सुपात घातलेला, नाक टोचलेला. तुझं गणित बरोबर आहे. मला ते तेव्हाही कळलं होतं, आताही कळतं. मी तुझ्यावर रागावलेली नाही, खोटं सांगत नाही.

पण दगडू गेला तेव्हा तानाबाई आणि तिची सून एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. करायचं ते सगळं केलं गं, तरी नेलंच, असं म्हणत होत्या. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मला तेवढं म्हणायला कुणी नाही. सासूबाई शिव्या देत नाहीत, टोमणे मारत नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघतात आणि नवं सूप उन्हात घालतात, परत आत नेतात. त्यांनी मला मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

तुझ्या हिशोबात माझं कुठं काही चुकलंच नाही. मग उद्धव, मी कुणाच्या नावानं बोटं मोडू? दोष द्यायलासुद्धा काही ठेवलं नाहीस रे तू.

आता यावर लिहू नकोस. दिवाळीला ये, जेव, यांच्याशी बोल, मला काही समजावू नकोस. त्या मुलीला, धोंडाबाईला, पुढं शिकव. तिचं काही चुकलं नाही.

एक तुलाच सांगते, यांनाही ठाऊक नाही. कुणी नसलं की मी पाळण्याच्या कडीला हात लावून बसते. सुहास म्हणून हाक मारायला जीभ उचलत नाही. मी त्याला धोंड्या म्हणते. धोंड्या, अरे धोंड्या, असं म्हणत बसते.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे.

ताई