बेबी ऐकत नाही

४ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गुडघ्याचा पट्टा बांधतेस, की कपाटात ठेवून त्यालाच आराम देते आहेस?

आई गेल्यावर आपली बेबी माझ्याकडे आली, त्याला वर्ष होत आलं. सुरुवातीला छान चाललं होतं. दुकानात माझ्या मशीनशेजारी बसून ती बटणं लावायची, आणि तिने लावलेलं बटण तुटलं असं सांगत कुणी परत आलं नाही. हल्ली मात्र ती ऐकत नाही. हाक मारली तर ढिम्म. निळा दोरा मागितला तर हसून कात्री पुढे करते. डाऊन सिंड्रोम आहे हे मान्य, पण बेचाळिसाव्या वर्षी हा हट्ट कुठून आला? घरात बायकोसुद्धा थकली आहे. काही महिने तू बेबीला नेशील का? की एखादी संस्था बघू?

लोभ हे पत्र वाचूनही असू द्यावा.

तुझा धाकटा

१५ जानेवारी

चि. शिंपीबुवांस अनेक आशीर्वाद.

पट्टा बांधते. तुझी कटकट गुडघ्यापेक्षा जास्त दुखते.

'पाठव तिला' असं लिहायला बसले, पण हात चालेना. रिकामी खोली आहे. सुनेला चालायचं नाही असं लिहून मोकळी होणार होते, तर ती म्हणाली, आणा की मावशींना. म्हणजे कचरले ती मीच. थोरली म्हणवून घ्यायची लाज वाटते रे.

सून दवाखान्यात नर्स आहे, ठाऊकच आहे तुला. तिने विचारलं, मावशी ऐकत नाहीत, की त्यांना ऐकू येत नाही? डाऊन सिंड्रोम असलेल्यांना पुष्कळदा कमी ऐकू येतं म्हणे. आधी कान दाखव. मग काय ते ठरवू.

रागावू नकोस, आणि तुझी व बेबीची माया असू दे.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सुनेचं खरं निघालं. दोन्ही कान अधू आहेत. काल यंत्रं बसवली. दुकानात मशीन सुरू केलं तर बेबी दचकली, मग वाकून आवाज कुठून येतो ते शोधत बसली. मला वर बघवेना.

संस्थेचं नाव आता काढणार नाही. एवढंच लिहून पत्र संपवणार होतो. पण ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, माझंही लिही. ती सांगते तसं लिहितो: ताई, दादाने माझ्या हातातला शर्ट ओढला. लोकांसमोर म्हणाला, हिला डोकंच नाही. लोक हसले.

महिनाभर मी हे लपवलं; कान अधू निघाल्यावर तर तिला ते ऐकूच आलं नसेल, अशी आशा धरली. तुलाही कळवलं नव्हतं. तुला कसं कळलं, असं आत्ता बेबीला विचारलं. म्हणाली, वहिनी त्यावरून तुला घरी मोठ्याने रागावली तेव्हा मी समोर होते. आणि दुकानात तुझं तोंड दिसत होतं ना.

माफी मागितली. तिने मान हलवली, पण हे लिहिलेलं खोडायचं नाही असं बजावलं. खोडलं नाही.

मी लोभ कोणत्या तोंडाने मागू? बेबीवरचा असू द्यावा.

तुझा धाकटा