शनिवारी पुलावर

प्राग, मंगळवार

प्रिय आई,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, खोलीही उबदार आहे, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे? इथे चढण फार, म्हणून तुम्ही दोघं येणार त्या दोन दिवसांचा बेत मी त्यांच्या गुडघ्याच्या कलाने आखलाय. शनिवारी ट्रामने किल्ल्यापर्यंत जायचं, उताराने रमतगमत खाली यायचं. दुपारी दगडी पूल.

पुलाचं लिहिताना हात थांबला. मे महिन्यात तू गावच्या बायकांबरोबर सहलीला आलीस, तेव्हा मी तिथेच जर्मन पाहुण्यांना पूल दाखवत होते. कागदात गुंडाळलेलं तळलेलं कटलेट पुढे करून तू म्हणालीस, "झ्देन्का, खाऊन घे गं." पाहुण्यांनी विचारलं, या कोण? मी जर्मनमध्ये म्हटलं, "कुणी गावंढळ बाई दिसतेय, मी नाही ओळखत." तुला जर्मन कळतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. तू कागद परत गुंडाळलास आणि मला म्हणालीस, "माफ करा बाई, तुम्हाला दुसरंच कुणी समजले."

आता पत्रातही लिहितेस, "तुम्हाला सवड असेल तर येऊ. जेवण आम्ही स्टेशनवरच उरकू."

तसं करू नकोस. कटलेटं जास्तच आण, काकडीचं लोणचंही. पुलावर, बरोबरच्या सगळ्या गाईडांसमोर मी तुझ्या हातचं खाणार आहे.

गाडीतून उतरल्यावर तुला हवं तेवढं मला बोल. चारचौघांत बोल. फक्त "अगं" म्हणून बोल.

तुझीच,
झ्देन्का